घंटेखालची जाळी

लॉजच्या काउंटरवर घडीपत्रक ठेवलेलं होतं, ‘जुन्या शहरात मुलांसोबत एक दिवस’. त्यातलं सगळं मी आधीच फोनवर वाचून पाठ केलं होतं, तरी एक उचललंच. खंदकातून नावेची फेरी, बाहुल्यांचं संग्रहालय, जुनी टांकसाळ. टांकसाळीत म्हणे मुलांच्या हातात हातोडा देतात आणि आपलं नाणं आपणच ठोकायचं. सगळ्यात शेवटी घड्याळाचा मनोरा, त्यापुढे कंसात ‘आवड असल्यास’. दिवस कसा घालवायचा याचा आराखडा माझ्याकडे तयार होता. आमच्या घरात आराखडे मी करते आणि मोडायचं काम हे करतात.

“नाव-बिव नंतर,” नाश्त्याच्या टेबलावर हे म्हणाले. “आधी मनोरा.”

आमचे हे शाळेत पी.टी. शिकवतात. गळ्यात शिट्टी नसली तरी आवाज शिट्टीचाच. शेजारच्या टेबलावरच्या दोन माणसांनी मान वर करून पाहिलं. समोर आमचे मोठे दीर पावाला लोणी लावत बसले होते. लोणी थेट कडेपर्यंत पोचलं पाहिजे, एवढाच त्या क्षणी त्यांचा आग्रह होता.

किट्टूने आमलेट खाणं थांबवलं. किट्टू नऊ वर्षांचा. त्याला उंचीची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, बंद दाराच्या न्हाणीघराची वाटते. आमची धाकटी, चार वर्षांची चिऊ, तिला कशाचीच वाटत नाही. देवाने वाटणी करताना एकाच ताटात सगळं वाढलं आणि दुसरं ताट तसंच पुढे सरकवलं.

“ऐक,” हे किट्टूला म्हणाले. “वर घंटेखाली लोखंडी जाळीचा सज्जा आहे. त्या जाळीवर मधोमध जाऊन उभं राहायचं. राहिलास, तर या वर्षी घरी. नाही राहिलास, तर काका फोन करतील.”

फोन कुठे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. या शहरापासून तासाभरावर ती वसतिगृहाची शाळा. हे आणि भाऊजी दोघेही तिथेच शिकलेले. भाऊजी आता तिथल्या कुठल्याशा समितीवर आहेत आणि त्यांनी किट्टूसाठी एक जागा अडवून ठेवली होती. मुख्याध्यापकांना दुपारच्या जेवणाआधी हो की नाही कळवायचं होतं. हो म्हटलं असतं, तर उद्या परतताना पोराला तिथे सोडून आम्ही तिघंच घरी जाणार होतो. त्याची एक जादा बॅग गाडीच्या डिकीत होती. ती मी भरली नव्हती.

हे सगळं सुरू झालं ते पोहण्याच्या तलावावर. यांच्याच शाळेचा तलाव, सगळे शिक्षक हजर, आणि किट्टू उडी मारायच्या फळीवरून उलट्या पावली परत आला. “भागूबाई कुठला!” हे सगळ्यांदेखत म्हणाले. तेव्हापासून उठता-बसता भागूबाई. ही बाई मी कधी पाहिलेली नाही, पण लग्न झाल्यापासून ती आमच्याच घरात राहते, आणि तिला हाक मारल्याशिवाय यांचा एक दिवस जात नाही.

“आम्हा दोघांना त्या शाळेनेच माणूस केलं,” भाऊजी पाव खाता खाता मला म्हणाले. “तुम्ही उगाच मनाला लावून घेता. पोरगा रडेल चार दिवस. मग बघा.”

“चार दिवस कोण मोजणार, भाऊजी? तुम्ही की मी?” मी विचारलं. त्यावर ते हसले. माझ्या बोलण्यावर हसायचं, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही, ही त्या घराण्याची जुनी रीत.

मनोऱ्याकडे जाणारी गल्ली दगडी फरसबंदीची होती, दोन्ही बाजूंना दुकानं. चिऊला प्रत्येक दुकानात जायचं होतं. किट्टू माझ्या बोटाला धरून चालत होता. एरवी तो आता बोट धरत नाही. त्याच्या तळहाताला घाम आला होता आणि त्याची नजर छपरांच्या वर, मनोरा कुठून दिसतो तिकडे लागलेली.

“आई, जाळी म्हणजे खालचं दिसतं का गं?” त्याने हळूच विचारलं.

“दिसत असेल थोडंसं.”

“थोडंसं म्हणजे माणसं दिसतात की रस्ता?”

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. रोज खुर्चीवर माणसं येतात आणि मला विचारतात, दुखेल का हो? मी सांगते, मुंगी चावल्यासारखं. हे खोटं मी दिवसातून कितीतरी वेळा बिनदिक्कत बोलते. पोटच्या पोराला काही बोलता येईना.

मनोऱ्याच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. भाऊजींचा गुडघा दुखतो, म्हणून ते तिथल्या बाकावर बसले आणि फोन टेबलावर उताणा ठेवला. लोक उंटावर बसून शेळ्या हाकतात. आमचे भाऊजी उंटाखाली बसून हाकत होते.

जिना अरुंद होता, भिंतीला चिकटून गोल गोल वर जाणारा. रखवालदार लोकांना तुकडीने वर सोडायचा, कारण जाणारा आणि येणारा एकमेकांच्या शेजारून निघत नसत. “बाराची घंटा वरून ऐकायची तर आत्ताच चला,” तो म्हणाला. “घंटा झाली की खाली यायचं. मग पुढची तुकडी सोडतो मी.”

हे सगळ्यात पुढे. मग किट्टू, मग चिऊला कडेवर घेऊन मी. पायऱ्यांचे दगड मध्यभागी झिजून वाटीसारखे झाले होते. किट्टू भिंतीच्या बाजूने, बोटं दगडावर टेकवत चढत होता. चढत होता मात्र! मी मनातल्या मनात म्हणत होते, चल माझ्या राजा, एवढंच, थोडंसंच, उभा राहा आणि परत ये.

वर घड्याळाच्या यंत्राची खोली होती. दाराएवढी चाकं, वंगणाचा वास. किट्टू तिथे क्षणभर भीती विसरला. एक चाक सरकलं की दुसरं कसं अडतं ते तो चिऊला दाखवायला लागला. पण पलीकडे दार उघडं होतं आणि दाराबाहेर तो सज्जा. मनोऱ्याच्या भिंतीला बाहेरून ठोकलेली लोखंडी जाळी, कमरेइतका कठडा, आणि डोक्यावर घंटा. दोन-चार प्रवासी फोटो काढून आत येत होते.

“चल,” हे म्हणाले.

किट्टू दारापर्यंत गेला. उंबरठ्यावर त्याचे पाय थांबले. जाळीतून चौक दिसत होता, टपरीचं ताडपत्रीचं छप्पर दिसत होतं. माणसंही दिसत होती आणि रस्ताही.

“काय आहे त्यात?” हे म्हणाले. “बघ. असं जायचं.” आणि ताडताड पावलं टाकत ते जाळीच्या मधोमध गेले. एक पाय आपटून दाखवला. जाळी झणझणली. “बघितलंस? काही होत नाही. इथे यायचं आणि खाली...”

बोलता बोलता त्यांनी आपल्या बुटांमधून खाली पाहिलं.

वाक्य तिथेच राहिलं. किट्टू वाट पाहत होता. मीही वाट पाहत होते.

“बाबा, थोडं सरका ना,” किट्टू म्हणाला. “मी येतो.”

हे सरकले नाहीत. मला चेहरा दिसत नव्हता, पण हात दिसत होते. भीती तोंडावर दिसते असं लोक म्हणतात. तोंडावर काही दिसत नाही. मिशीवाले धिप्पाड गडी आमच्या खुर्चीत हसत बसतात आणि हात मात्र खुर्चीला असे धरतात की बोटांची पेरं पांढरी पडतात. यांचे दोन्ही हात कठड्यावर होते आणि पेरं पांढरी पडली होती.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्या घरातले दिवे मी बदलते. माळ्यावरचं सामान मी काढते. तिसऱ्या मजल्यावरचं ते छान हवेशीर घर यांनी नाकारलं, कारण काय, तर वर पाणी चढत नाही. अकरा वर्षं मी त्या पाण्यावर विश्वास ठेवून तळमजल्यावर डास मारते आहे.

“अहो,” मी म्हटलं. “या आत.”

“किट्टूला खाली ने,” ते दातांवर दात धरून म्हणाले.

“तुम्ही आधी...”

“ने म्हणतो ना!”

मागे यंत्राच्या खोलीत काहीतरी खरखरलं. मोठं चाक सुटलं, साखळी धावायला लागली. “घंटा! कानांवर हात ठेवा!” कुणीतरी ओरडलं, आणि पहिला ठोका पडला.

तो आवाज कानांत शिरत नव्हता, पायांतून वर येत होता. सगळी जाळी थरथरत होती. हे एकदम खाली बसले, उकिडवे, कठड्याच्या गजांना दोन्ही हातांनी मिठी मारून. पुढच्या ठोक्याला त्यांनी डोळे मिटले. चिऊ माझ्या मानेत तोंड खुपसून खिदळत होती, तिला मजा वाटत होती. मी एका हाताने तिला धरून दारातून वाकले आणि यांचा दंड पकडून ओढला. ओढायचं नसतं. घाबरलेल्या माणसाला ओढलं की तो आणखी घट्ट होतो, हे मला चांगलं माहीत आहे. पण मला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती, कारण त्यांचं सगळं वजन त्या कठड्यावर होतं.

“हात नको लावूस!” ते ओरडले. तो आवाज शिट्टीचा नव्हता. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

घंटा संपली. बाकीचे प्रवासी जिन्याने उतरून गेले. खालून रखवालदाराची हाक आली, “वर कुणी राहिलंय का? पुढची तुकडी सोडतोय!” मी ओरडून थांबायला सांगितलं, तेवढ्यात किट्टू माझ्या हाताखालून बाहेर गेला.

हातपाय टेकून, रांगत. तो जाळीच्या मधोमध पोचला आणि बाबांच्या समोर बसला. ज्याच्यासाठी सकाळपासून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, ते त्याने केलं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्यासुद्धा नाही.

“बाबा, डोळे उघडा. खाली नका बघू. माझ्या कानाकडे बघा.”

यांनी गज आणखी घट्ट धरले.

“कानाकडे बघा ना. डोळ्यांकडे बघितलं की मागचं दिसतं. कान जवळ असतो.”

त्यांनी डोळे उघडले.

“आता एक हात सोडा. एकच. माझ्या खांद्यावर ठेवा. दुसरा राहू दे तिकडेच.”

“तुला... तुला हे कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. शाळेच्या जिन्यावर मी असंच करतो. पुढच्या मुलाच्या कानाकडे बघतो.”

“कधी?”

“रोज,” किट्टू म्हणाला.

त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. रोज सकाळी मी त्याला फाटकाशी सोडते, डबा विसरलास का विचारते, आणि कामाला पळते.

एक हात सुटला. मग दुसरा. बसल्या बसल्या, इंच इंच सरकत दोघं उंबरठ्याच्या आत आले. हे भिंतीला टेकून धापा टाकत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पण अजून जिना होता. चढताना पायऱ्या नाकासमोर असतात. उतरताना समोर विहीर असते. हे पहिल्या पायरीपाशी गेले आणि तसेच मागे फिरले. चेहरा पांढराफटक. “मी बसतो इथे थोडा वेळ,” म्हणाले. “तुम्ही व्हा पुढे.”

“बसलं की जास्त वाटतं,” किट्टू म्हणाला. “बाबा, उलटं उतरायचं. शिडीवरून उतरतात तसं. तोंड पायऱ्यांकडे. मी खाली राहतो.”

“लोक बघतील.”

“मी त्यांना थांबवतो.” आणि त्याने जिन्यात तोंड घालून हाक मारली, “रखवालदार काका, सोडू नका कुणाला! आम्ही उतरतोय!” ज्या मुलाला वर्गात हात वर करायची लाज वाटते, त्याचा आवाज त्या दगडी नळीतून घुमत थेट खालपर्यंत गेला.

मग आमची वरात निघाली. किट्टू सगळ्यात खाली. त्याच्यावर हे, पाठमोरे, हात पायऱ्यांवर टेकून, लहान मुलं उतरतात तसे. वर मी आणि चिऊ. प्रत्येक पायरीला किट्टू बाबांचा घोटा धरायचा आणि बूट खालच्या दगडावर नेऊन टेकवायचा. “डावा. आहे पायरी. टेकवा. आता उजवा. थोडा भिंतीकडे. हं.” एकदा यांचा बूट झिजलेल्या खळग्यात घसरला आणि सगळा भार पोराच्या खांद्यावर आला. किट्टूने पाठ भिंतीला लावली, डोळे घट्ट मिटले, आणि तो भार पेलला. बूट पुन्हा जागेवर आला.

“लागलं का रे?” यांनी विचारलं.

“नाही.” लागलं होतं. कोपर सोलवटलं होतं, ते मी नंतर पाहिलं.

थोडं खाली आल्यावर यांनी पायऱ्यांकडेच तोंड ठेवून म्हटलं, “किट्टू, खाली काकांना...”

“मी नाही सांगणार,” तो लगेच म्हणाला. “शप्पथ.”

शेवटच्या वळणावर जिना रुंद होता आणि खिडकीतून उजेड येत होता. तिथे हे सरळ उभे राहिले. तोंड पुसलं, शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला. मग किट्टूला बाजूला करून ते पुढे झाले आणि राहिलेल्या पायऱ्या सरळ उतरले. त्यांची पाठ ताठ होत गेलेली मी मागून पाहिली, आणि मला पुढचं सगळं कळलं.

“काय रे हे!” भाऊजी बाकावरून उठले. “घंटा होऊन केवढा वेळ झाला. मला वाटलं, वरच जेवायला बसलात. काय झालं?”

“काही नाही,” हे म्हणाले. “हा जाळीवर अडकला. भागूबाई.”

किट्टूने बाबांकडे पाहिलं. एकदाच. मग तो काकांना म्हणाला, “हो काका. मी घाबरलो होतो.”

“बघ, म्हटलं नव्हतं मी?” भाऊजींनी टेबलावरचा फोन उचलला. “उगाच पोराचे हाल. लावतो मग त्यांना.”

मी यांच्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. भाऊजींनी चष्मा शोधला, तो डोक्यावर निघाला, तो डोळ्यांवर घेतला, नंबर शोधला, फोन कानाला लावला. एवढ्या वेळात माणूस काय वाटेल ते बोलू शकतो. आमचे हे बाकावर बसून, वाकून बुटाची नाडी बांधत होते. बुटाची नाडी बांधलेलीच होती.

“भाऊजी,” मी म्हटलं, “त्या शाळेत यांना किती वर्षं ठेवलं होतं हो?”

“सात. का?”

“कमी पडली. आणखी थोडी ठेवायला हवी होती.”

पलीकडे फोनची घंटी वाजत होती, मला ती ऐकू येत होती. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. भावाच्या शर्टाकडे, त्याच्या गुडघ्यांवरच्या दगडाच्या पांढऱ्या धुळीकडे. पी.टी.च्या मास्तरांच्या गुडघ्यांवर, तळहातांवर, सगळीकडे ती धूळ होती. फोनमधून कुणीतरी “हॅलो” म्हणालं.

“आई!” किट्टूने माझी बाही ओढली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. जाळीवर न रडलेला मुलगा आता रडत होता. “तू का बोललीस? मी बाबांना शब्द दिला होता!”

“तू दिला होतास. मी नाही.”

“हॅलो, कोण बोलतंय?” फोनमधला आवाज पुन्हा म्हणाला. भाऊजींनी फोन बंद केला. ते भावाच्या शेजारी गेले, गुडघा सांभाळत बाकावर टेकले, आणि इतक्या हलक्या आवाजात बोलले की मला पुढे व्हावं लागलं.

“तुला अजून होतं ते?”

यांनी बांधलेली नाडी पुन्हा सोडली.

“त्या पाण्याच्या टाकीवर तुला चढवायची ना, मोठी पोरं. मला वाटलं, गेलं असेल. तूच म्हणाला होतास की गेलं.”

“म्हटलं होतं,” हे म्हणाले. नाडी अजून हातातच होती. “घरी यायचं होतं सुट्टीत. म्हटलं, गेलं. नाही गेलं. कधीच नाही गेलं, दादा.”

टपरीवाल्याने न सांगता चहाचे दोन कप आणून ठेवले. कुणीच उचलले नाहीत. किट्टूने नाक पुसलं, माझी बाही सोडली आणि बाबांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

“माझं पण जात नाही, बाबा,” तो म्हणाला.

यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शाबासकी दिली नाही, माफी मागितली नाही. ते त्यांना येत नाही. पण हात उचललाही नाही, आणि भाऊजींनी फोन परत लावला नाही, खिशात टाकला.

दुपारी आम्ही खंदकातल्या नावेत बसलो. चिऊने पाण्यात हात घालून सगळ्यांना भिजवलं. किट्टू पुढच्या फळीवर बाबांना खेटून बसला आणि माझ्याकडे पाठ करून राहिला. मी चिप्स पुढे केले, घेतले नाहीत. टांकसाळीला जाऊ या का विचारलं, उत्तर नाही. दिलेला शब्द आईने मोडला, हे त्याला पटलेलं नव्हतं आणि पटणारही नव्हतं. माझ्याशी तो दिवसभर बोलला नाही. नाही बोलला तर नाही. निदान माझ्याच घरात राहून न बोलेल.